उपग्रहातून खाडीकाठ: खारफुटी, चिखलपट्टे आणि मिठागरं यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे खाडी, पनवेल-उरण, अलिबाग-पेण, रत्नागिरी आणि गोव्याकडून येणाऱ्या प्रश्नांतून हे पान तयार झालं आहे. विचारणारे बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोळीवाड्यातले तरुण आणि खारफुटीसाठी तक्रारी करून थकलेले नागरिक. पहिले प्रश्न सोपे आहेत, पुढचे अडनिडे. घाईत असाल तर निदान प्रश्न ५ वाचाच.

१. उपग्रहाला झाड दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं? तो फोटोच ना?

फोटोपेक्षा ते मोजमाप जास्त आहे. जमिनीवरून परत गेलेला सूर्यप्रकाश उपग्रहावरचा सेन्सर वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो: निळा, हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. जिवंत हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त जोरात परत पाठवतं. पाणी अवरक्त जवळजवळ सगळाच गिळून टाकतं. उघडा चिखल या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. त्यामुळे खाडीत पाणी, चिखल आणि झाडी वेगळी काढणं सोपं जातं. अवघड भाग पुढे येतो: ही झाडी खारफुटीचीच, की बांधावरच्या वेड्या बाभळीची?

तिथे लघुतरंग अवरक्त पट्टा कामाला येतो. ओल असेल तिथे तो शोषला जातो. खारफुटीखालची जमीन बाराही महिने ओली असते, म्हणून ती या पट्ट्यात शेजारच्या कोरड्या झाडीपेक्षा काळपट दिसते.

२. यात फक्त खारफुटी येते का? आमच्याकडे नुसता चिखल आणि जुनी मिठागरं आहेत.

सगळं येतं. खारफुटी, ओहोटीला उघडे पडणारे चिखलपट्टे, खारट जमिनीवरच्या बुटक्या मांसल पानांच्या वनस्पती, मिठागरं, खाजणं (भरतीचं पाणी बांधाने अडवून केलेली खाडीकाठची जमीन) आणि खारबांधाआतली शेती हे सगळं एकाच पाण्यावर चालतं. यांपैकी चिखलपट्ट्यांकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. नकाशात बहुतेकदा त्यांना 'ओसाड' असा रंग मिळतो. माझ्या मते आपल्या किनाऱ्याच्या नकाशांमधली ही सर्वांत मोठी चूक आहे. त्याचं कारण प्रश्न १० मध्ये आहे.

३. कोणत्या उपग्रहाची चित्रं घ्यायची? पैसे पडतात का?

बहुतेक कामांना एक पैसाही लागत नाही.

आजच्या कामासाठी युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह घ्या. पहिला २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये. महत्त्वाच्या पट्ट्यांत १० मीटरचं पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान चौकोन) आणि साधारण पाच दिवसांनी एक चित्र. 'कोपर्निकस ब्राउझर' या संकेतस्थळावर ते थेट पाहता येतं.

जुन्या काळाचा शोध घ्यायचा असेल तर अमेरिकेच्या लँडसॅटला पर्याय नाही. पहिला उपग्रह १९७२ चा, म्हणजे नवी मुंबई उभी राहण्याआधीची ठाणे खाडी त्यात सापडते. ३० मीटरची चित्रं १९८२ पासून मिळतात, त्याआधीची याहून बरीच धूसर. लँडसॅट ७ ची मे २००३ नंतरची चित्रं पट्टे-पट्टे गाळलेली दिसतात, तो यंत्रातला बिघाड आहे. 'तिथली खारफुटी तिरप्या रेघांत तोडली आहे का' अशी विचारणा अजूनही अधूनमधून येते.

भारताच्या रिसोर्ससॅट मालिकेतला लिस-३ हा सेन्सर २३.५ मीटरचा, लिस-४ हा ५.८ मीटरचा. त्यांची माहिती हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भूनिधी' संकेतस्थळावर मिळते. चित्रांवर काम करायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

४. १० मीटरचं पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती जागा?

१०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे हिशेब तोंडी होतात. लिस-३ चं पिक्सेल साडेपाच गुंठ्यांचं, लँडसॅटचं नऊ गुंठ्यांचं.

आता हे कायद्याशी जोडून पाहा. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त खारफुटी असेल तर तिच्याभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा धरला जातो. १,००० चौरस मीटर म्हणजे सेंटिनेल-२ ची दहा पिक्सेलं, पण लँडसॅटचं जेमतेम एकच. म्हणजे कायद्याने मोजायला सांगितलेला तुकडा लँडसॅटच्या नकाशात एका ठिपक्याएवढा, तोही शेजारच्या पाण्याची छटा मिसळून आलेला. खाडीच्या बारक्या फाट्यांच्या दोन्ही काठांनी जाणारी खारफुटीची अरुंद रांग अशीच निसटते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय नकाशात तर एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा धरलाच जात नाही. ही त्या नकाशाची चूक नाही, तो देशाच्या मापाचा आहे. गावच्या भांडणात तो पुढे करणं ही आपली चूक.

५. एकाच जागेची दोन चित्रं दहा दिवसांच्या अंतराने घेतली. पहिल्यात भरपूर चिखल, दुसऱ्यात सगळं पाणी. भराव झाला, धूप झाली, की काय?

बहुधा काहीच झालं नाही, फक्त भरती होती. आमच्याकडे सर्वाधिक येणारा हाच प्रश्न, आणि चुकीच्या निष्कर्षांचं सर्वांत मोठं मूळही हेच.

मोठ्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळ्यांत ४ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. किनारा इतका सपाट आहे की एवढ्या फरकात पाणी शेकडो मीटर पुढे-मागे होतं. त्यामुळे चित्राची तारीख पुरत नाही, वेळ लागते. प्रत्येक चित्रासोबत जागतिक प्रमाणवेळ दिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा आणि त्या वेळी पाणी कुठे होतं ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यात पाहा. तक्ता हाताशी नसेल तर किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पहिल्या चाळणीला हा हिशेब पुरतो.

आता खरी गंमत. सेंटिनेल-२, लँडसॅट, रिसोर्ससॅट हे सगळे सूर्याशी जुळवून फिरणारे उपग्रह आहेत. ते मुंबईवरून जेव्हा जातात तेव्हा ठरावीक वेळीच जातात, आपल्या घड्याळात सकाळी अकराच्या सुमारास. आणि पौर्णिमा-अमावास्येला मुंबईची भरती अकरा-बाराच्या दरम्यानच असते. उधाणाची खोल ओहोटी त्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी येते, तेव्हा यांतला एकही उपग्रह डोक्यावर नसतो. उलट अष्टमीच्या आसपास सकाळी अकराला ओहोटी सापडते, पण ती भांगेची. पाणी फारसं उतरतच नाही.

म्हणजे मुंबई-ठाण्याच्या चिखलाचा सर्वांत खालचा पट्टा, जिथे उधाणाच्या ओहोटीला माणसं निवट्या आणि शिंपल्यांसाठी उतरतात, तो या उपग्रहांना कधीच दिसत नाही. कितीही वर्षांची चित्रं एकावर एक रचली तरी नाही. अशा चित्रांवरून काढलेलं चिखलपट्ट्यांचं क्षेत्रफळ हे नेहमीच कमीत कमी एवढं, असं वाचायचं. दक्षिणेकडे मालवण-गोव्यात भरती थोडी आधी येते आणि पाण्याचा चढ-उतारही मुंबईपेक्षा बराच कमी, त्यामुळे हा घोटाळा तिथे इतका तीव्र होत नाही. यावर एक तोड आहे, ती प्रश्न ७ मध्ये.

खारफुटीलाही हाच नियम लागतो. पाण्याच्या कडेची कोवळी झाडं उधाणाच्या भरतीत अर्धी बुडतात आणि चित्रात हिरवेपणा घटलेला दिसतो. तोड झाल्याची तक्रार करण्याआधी सारख्याच पाण्याची दोन चित्रं समोर ठेवा.

६. वर्षातल्या कोणत्या महिन्याचं चित्र चांगलं?

काय शोधताय त्यावर आहे. खारफुटीची हद्द काढायची असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल. ऑक्टोबरात आकाश निवळतं आणि चित्रं देखणी येतात, म्हणून सगळे तीच घेतात. पण तेव्हा बांधावरचं गवत, पडीक खाचरं, माळ सगळंच हिरवं असतं. मार्चपर्यंत गवत वाळतं, खारफुटी मात्र सदाहरित असल्याने हिरवी उरते. नारळी-पोफळीच्या वाड्याही हिरव्याच राहतात, त्या जागेवरून आणि लघुतरंग अवरक्तावरून (प्रश्न १) वेगळ्या काढाव्या लागतात.

खारट जमिनीवरच्या बुटक्या वनस्पतींसाठी उलट पावसाळ्यानंतरचा काळ बरा. आणि दोन वर्षांची तुलना करताना महिना तोच ठेवा, हे सांगायला नको.

७. पावसाळ्यात चार महिने ढगच असतात. तेव्हाच भराव टाकतात. मग करायचं काय?

रडार वापरायचं. सेंटिनेल-१ हा उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. ढग, रात्र, पाऊस यांचा त्याला फारसा अडथळा होत नाही. शांत पाणी लहरी पलीकडे परतवतं म्हणून काळं दिसतं, झाडी उजळ दिसते. पाण्यात उभ्या असलेल्या झाडांत लहर पाण्यावर आणि खोडावर अशी दोनदा आपटून परतते, तेव्हा ती जागा आणखी उजळते.

रडारचा दुसरा फायदा कमी लोकांना ठाऊक आहे. सेंटिनेल-१ आपल्यावरून सकाळी किंवा संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास जातो. प्रश्न ५ मधलं गणित आठवा: उधाणाची ओहोटी याच वेळेच्या आसपास असते. जो चिखल इतरांना कधीच दिसत नाही, तो रडारच्या कक्षेत येतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रहही पहाटे-संध्याकाळच्याच कक्षेत फिरतो आणि दर १२ दिवसांनी त्याच जागी परततो. त्याची लांब, सुमारे २४ सेंटिमीटरची लहर दाट पानांतून खोडांपर्यंत पोचते. सेंटिनेल-१ ची साडेपाच सेंटिमीटरची लहर वरच्या पानांतच अडकते.

मात्र एक सावधगिरी. वाऱ्याने पाणी खवळलं की तेही रडारमध्ये उजळतं आणि गुळगुळीत ओल्या चिखलापेक्षा उजळ दिसू शकतं. पावसाळ्यात खाडीवर वारा असतोच. म्हणून एका चित्रावर कधी विसंबू नका, महिन्याभराची चित्रं ओळीने लावून पाहा.

८. एनडीव्हीआय किती आला की खारफुटी समजायची?

असा एकच आकडा नाही, आणि तो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एनडीव्हीआय म्हणजे अवरक्तातून लाल वजा करून दोघांच्या बेरजेने भागलेली संख्या, उणे १ ते अधिक १ यांमधली. दाट तिवरांवर (तिवर ही खारफुटीतलीच एक जात) ती ०.६ च्या पुढे जाते. विरळ झाडीत चिखल आणि पाणी मिसळून ती ०.३ पर्यंत उतरते, आणि शेवाळ धरलेला चिखलही त्याच्या जवळपास पोचू शकतो. आपल्या खाडीतल्या ओळखीच्या जागा निवडून तिथले आकडे आधी पाहा, मग रेघ ओढा.

९. तिवर, कांदळ, चिप्पी वेगवेगळी ओळखता येतात का?

मोफत चित्रांवरून खात्रीने नाही. एकाच जातीचा मोठा सलग पट्टा असेल तर फरक जाणवतो, आणि जागाही बरंच सांगून जाते: चिप्पी पाण्याच्या कडेला, तिवर जास्त खारट जागीही तग धरणारं. पण आपल्या खाड्यांत जाती मिसळलेल्या असतात आणि एका गुंठ्याच्या पिक्सेलमध्ये तीन जाती सहज मावतात. शेकडो अरुंद पट्ट्यांत मोजणारे सेन्सर हे काम बरं करतात. इस्रो आणि नासाने २०१५-१६ मध्ये असा सेन्सर विमानावर लावून भारतात सर्वेक्षण केलं होतं. तुमच्या प्रकल्पाला मात्र चिखलात उतरण्यावाचून गत्यंतर नाही.

१०. आमच्या खाडीत तीस वर्षांत हिरवं वाढलेलं दिसतं. म्हणजे पर्यावरण सुधारलं ना?

सावकाश घ्या. हे हिरवं आधी काय होतं ते बघा.

ठाणे खाडीत गाळ साचत गेला, चिखलाची पातळी वर आली आणि त्यावर तिवरं पसरली. वन विभागाच्या खात्यावर ही वाढ जमा होते. पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) झाडावर चरत नाही, त्याला उघडा उथळ चिखल लागतो. २०१५ मध्ये घोषित झालेलं ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं ते या चिखलावर येणाऱ्या पक्ष्यांच्या जोरावर. चिखलपट्टा खारफुटीखाली गेला तर नकाशात 'वाढ' लिहिली जाते आणि चरण्याची जागा मात्र घटते.

खाजणात आणखी वेगळी गोष्ट. खारबांध फुटला, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) मोडली, गोव्यात तसलीच मानशी नादुरुस्त झाली की भरतीचं पाणी भातशेतीत शिरतं आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. उपग्रहाच्या लेखी तेही हिरवंच. शेतकऱ्याच्या लेखी ती बुडालेली जमीन, आणि एकदा खारफुटी आली की ती काढताही येत नाही. म्हणून नुसत्या 'आज' आणि 'तेव्हा' अशा दोन चित्रांवर थांबू नका. मधल्या वर्षांची चित्रं लावा, हिरवं कोणत्या दिशेने आणि कशावर सरकलं ते पाहा.

११. सरकारी अहवालांत महाराष्ट्राची खारफुटी एकदम कशी वाढते? आकडे खरे की खोटे?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात राज्याची खारफुटी १८६ चौरस किलोमीटर होती, २०१५ मध्ये २२२, २०१७ मध्ये ३०४, २०१९ मध्ये ३२०. खोटं कोणी लिहिलेलं नाही. पण दोन अहवालांच्या मधे ८२ चौरस किलोमीटरची उडी ही केवळ नव्या झाडांची असू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी लावलेलं रोप २३.५ मीटरच्या पिक्सेलला झाडी म्हणून दिसत नाही. आधी निसटलेली विरळ झाडी पुढच्या वेळी धरली जाणं, चित्राच्या वेळचं पाणी (प्रश्न ५), वर्गीकरण करणाऱ्याचा सराव, असं सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. शिवाय अहवालाचं साल आणि चित्रांचं साल एक नसतं, चित्रं एक-दोन वर्षं मागची असतात. या आकड्यांवरून दिशा पाहावी, हेक्टर मोजू नयेत.

१२. गेल्या महिन्यात हिरवीगार असलेली तिवरं सप्टेंबर-ऑक्टोबरात अचानक तपकिरी झाली. कोणी विष घातलं का?

आधी अळी तपासा. सागाची पानं फस्त करणारी एक अळी तिवरांवरही पडते. मुंबई-ठाण्यात पावसाळा सरताना हा प्रादुर्भाव पुन्हापुन्हा नोंदला गेला आहे. एकरच्या एकर झाडं निष्पर्ण होतात, एनडीव्हीआय धाडकन पडतो आणि काही आठवड्यांत नव्या पालवीबरोबर वर येतो. शेजारची कांदळं किंवा चिप्पी हिरवीच राहिली असतील तर संशय अळीवरच घ्या. पुढची चित्रं पाहिल्याशिवाय तक्रार करू नका.

१३. आणि खरोखर मारली असतील तर ते कसं दिसतं?

तोड किंवा भराव असेल तर कडा सरळ असतात आणि आकडा पडला की वर येत नाही. त्याहून लबाड प्रकार म्हणजे पाणी तोडणं. रस्त्याखालची मोरी बुजवली किंवा बांध घातला की आतली झाडं दीड-दोन वर्षं हळूहळू वाळत जातात, कोणी कुऱ्हाड उचललेली नसताना. चित्रांत तीन खुणा मिळतात: बांधाच्या एका बाजूचा हिरवेपणा पायरीपायरीने उतरतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो, आणि आतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर हलेनासं होतं. ओहोटीच्या चित्रातही ते तुंबलेलं किंवा भरतीच्या चित्रातही आतली जमीन कोरडी. ही तिसरी खूण सर्वांत भक्कम. तिच्यासाठी एकाच आठवड्यातली वेगवेगळ्या पाण्याची चित्रं गोळा करा, जमल्यास रडारचीही.

१४. त्यापेक्षा ड्रोनच उडवला तर?

लहान जागेसाठी उत्तम. काही सेंटिमीटरचं पिक्सेल मिळतं आणि मुख्य म्हणजे ओहोटीची वेळ तुम्ही निवडता. पण २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार 'डिजिटल स्काय' नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते आधी पाहावं लागतं. ठाणे खाडीच्या आसपास विमानतळ, नौदल आणि अभयारण्य तिन्ही आहेत, तेव्हा परवानगीशिवाय विचारही नको. पक्ष्यांच्या थव्यावर तर परवानगी असली तरी नको.

१५. उपग्रहाच्या चित्रावर सातबाऱ्याचा नकाशा ठेवला तर खारफुटी शेजाऱ्याच्या गटात सरकते. कोण चुकतंय?

दोघंही थोडे. सेंटिनेल-२ चं चित्र जमिनीवर काही मीटर, कधी एक पिक्सेलभर सरकलेलं असू शकतं. गाव नकाशा कागदावरून अंकीय करताना आणखी सरकतो. ५० मीटरच्या संरक्षक पट्ट्यात हा फरक खपून जातो, पण चार गुंठ्यांच्या हद्दीचा वाद त्यावर सुटत नाही. पुलाचे कोपरे, मोऱ्या, मिठागराचे जुने बांध असे न हललेले बिंदू घेऊन दोन्ही थर जुळवा, तरीही शेवटची मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच. बाकी मालकीचा मुद्दा इथे गौण आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ चा अंतरिम आदेश आणि १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल यांत दिलेलं संरक्षण जमीन कोणाचीही असली तरी लागू आहे.

१६. न्यायालयात किंवा तक्रारीत ही चित्रं चालतात का?

चालतात. २००५ च्या आदेशातच खारफुटीचे नकाशे उपग्रहाच्या आधारे करायला सांगितलं होतं. पण मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. मूळ फाइल जपा, उपग्रहाचं नाव, दिनांक, वेळ आणि चित्राचा क्रमांक लिहा, त्या वेळचं पाणी नोंदवा. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा वकिलाला आधीच गाठा. गूगल अर्थवरची जुनी चित्रं दाखवायला छान असतात, पण तिथे एकाच पडद्यावर वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडलेले असू शकतात. पडद्याच्या खाली दिसणारी तारीख नेमक्या तुमच्या तुकड्याची आहे ना, हे कर्सर तिथे नेऊन तपासा.

तक्रार राज्याच्या कांदळवन कक्षाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे द्या. सोबत तीन चित्रं पुरतात: घटनेआधीचं, नंतरचं आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातलं, तिन्ही सारख्या पाण्याची. जागेवर काढलेला, अक्षांश-रेखांश असलेला एक फोटोही जोडा.